द्राक्षकन्येचे भाट

गेल्या काही वर्षांत आमच्या दिवाळी अंकांतून आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पानांतून एक नवाच लेखनप्रकार रुजू पाहत आहे. त्यास तूर्त आम्ही 'मद्यस्मरण' असे नाव देतो. त्याची घडण इतकी ठरून गेली आहे की, पहिल्या चार ओळी वाचताच शेवटची ओळ सांगता यावी. लेखक साठीच्या अलीकडे वा पलीकडे पोचलेला असतो. घर बांधून झालेले असते, मुलगा परदेशी असतो, रक्तातील साखर वैद्यांच्या देखरेखीखाली असते. अशा निवांत वेळी त्यास वसतिगृहाची खोली आठवते. बाहेर पाऊस पडत असतो. चौघे मित्र खिशातील सुटे पैसे एका वहीवर मांडतात व त्यांतून लाल, गोड, स्वस्त वाईनची एक बाटली येते. स्टीलचे पेले, कागदाच्या पुडीतील फुटाणे, शेजारच्या खोलीतील रेडिओवरचे गाणे, आणि मग तत्त्वज्ञान, क्रांती, कविता व वर्गातील एखादी मुलगी ह्यांवर पहाटेपर्यंत बोलणे. शेवटी लेखक उसासा टाकून सांगतो की, पुढे पुष्कळ उंची मद्ये चाखली, परंतु त्या स्वस्त बाटलीची गोडी पुन्हा कधी जिभेस लाभली नाही.

हे लेखन लोकप्रिय आहे. सुशिक्षित कुटुंबांत ते मोठ्याने वाचले जाते, गृहिणी कौतुकाने हसतात, महाविद्यालयात जाणारी मुले कान टवकारून ऐकतात. संपादकांस ते हवे असते, कारण त्यात कोणाचे मन दुखविणारे काही नसते. नेमका हाच आमचा आक्षेप आहे. ज्या वस्तूने आमच्या भागातील हजारो घरे पोखरली, तिच्यावर लिहिताना कोणाचेच मन दुखावत नसेल, तर लिहिणाराने काहीतरी दडविले आहे असे समजण्यास हरकत नसावी.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही कोणत्याही दारूबंदी मंडळाचे सभासद नाही आणि कोणाच्या हातातील पेला हिसकावण्याची आमची इच्छा नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, त्यास शंभरांहून अधिक वर्षे झाली. सुधाकराच्या मरणाने प्रेक्षागृहात पाणावलेले किती डोळे घरी जाताना गुत्त्याकडे वळले नाहीत, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आणि लोकांच्या तोंडी राहिला तो सुधाकर नव्हे, तर आर्यमदिरामंडळाचा तळीराम! तेव्हा उपदेशाने दारू सुटते असा भ्रम आम्हांस नाही. आमची तक्रार आठवण्याच्या रीतीविरुद्ध आहे.

प्रथम त्या बाटलीत काय होते ते पाहू. आमच्याकडे ज्यास 'पोर्ट' म्हणून ओळखतात, त्याचे मूळ पोर्तुगालातील दौरू नदीच्या खोऱ्यात आहे. तेथे द्राक्षरस आंबत असता, त्यातील साखर पुरती मद्यात उतरण्यापूर्वीच द्राक्षाचा तीव्र मद्यार्क मिसळून आंबणे थांबवितात. त्यामुळे गोडी शिल्लक राहते व जोर वीस टक्क्यांच्या घरात जातो. १७०३ सालच्या तहाने इंग्लंडात ह्या मद्यावरील जकात कमी झाली, मागणी वाढली, आणि मागणीपाठोपाठ लबाडीही वाढली. फिकट रसास गडद रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळे त्यात पिळली जाऊ लागली. अखेर १७५६ साली पोंबाल ह्या पोर्तुगीज प्रधानाने त्या प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या, आणि ती झुडपेदेखील उपटून टाकण्याचा हुकूम निघाला. ज्या पेयाच्या जन्मकथेतच रंगाची व साखरेची चोरी आहे, त्याची गोमंतकातील व दक्षिणेतील गरीब भावंडे कशी असतील ह्याची कल्पना करावी. खाण्याच्या द्राक्षांचा रस, वरून साखर, आणि लेबलावर एखादे भारदस्त नाव. पोर्तुगीज १९६१ साली गोव्यातून गेले, पण त्यांच्या मद्याचे नाव मागे राहिले व स्वस्ताई हेच त्याचे भांडवल झाले.

साखर हे मोठे लबाड द्रव्य आहे. कच्च्या द्राक्षाचा आंबटपणा, कुजक्या द्राक्षाचा वास, अर्धवट आंबल्याचा करपट ठसका, हे सारे ती पोटात घालते. नवशिक्या जिभेस तीच आवडते, कारण ती जीभ अजून शाळेतल्या सरबताची असते. गोडीच्या आधारे पहिला पेला उतरतो, दुसऱ्याची लाज वाटत नाही, आणि तिसऱ्या पेल्यानंतर चवीचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे पिणारास मद्याची चव कळू नये हीच त्या मद्याची युक्ती. मग इतक्या वर्षांनंतर 'ती चव' आठवते म्हणणारे आमचे मित्र नेमके काय आठवतात?

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या वयाच्या नांदेडकरांस 'गोलकोंडा' हे नाव नवे नाही. ही लाल, गोड वाईन हैदराबादेची. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने कोणीतरी ती पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आणी, आणि गोदाकाठच्या एका ओसाड घाटावर अंधार पडल्यावर ती उघडली जाई. आम्हीही त्या पायऱ्यांवर बसलो आहो. सत्य सांगावयाचे तर ते पेय खोकल्याच्या औषधासारखे लागे. हातास चिकटे, पेल्यास चिकटे. सकाळी डोके असे ठणके की, तासाला बसलेल्या प्राध्यापकांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटे. नदीवरचा वारा मात्र छान असे. वय एकोणीस-वीस असे, आणि मित्र जवळ असत. त्या तिघांऐवजी बाटलीस श्रेय देणे म्हणजे लग्नाच्या आनंदाचे श्रेय मांडववाल्यास देण्यासारखे आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, मद्याची स्तुती ही साहित्यातील जुनीच परंपरा आहे. तुम्ही अरसिक आहात, इतकेच. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो घेणारे लोक वाचलेले असतात. उमर खय्यामास मराठीत आणणाऱ्या माधव जूलियनांनी १९३१ साली आपल्या पुस्तकास 'द्राक्षकन्या' असे सुंदर नाव दिले, ते आम्हांसही प्रिय आहे. हिंदीत हरिवंशराय बच्चन ह्यांची 'मधुशाला' १९३५ साली आली आणि घरोघर गायली गेली. कवी स्वतः मद्याच्या वाटेस गेलेला नव्हता. उर्दूत मदिरेचा कवी म्हणून ज्याची ख्याती झाली त्या रियाझ खैराबादींनी उभ्या जन्मात पेल्यास ओठ लावला नाही असे सांगतात. आमचा मराठवाडा निजामी अमलाखाली उर्दूच्या शाळेत शिकला असल्यामुळे 'साकी' आणि 'मयखाना' हे शब्द येथील न्हाव्याच्या दुकानातही परके नव्हते. परंतु ह्या कवींनी मद्याचा शब्द घेतला तो काळ, मरण, ईश्वर आणि प्रेम ह्यांच्याबद्दल बोलण्यासाठी. त्यांच्या पेल्यात काय आहे हे त्यांस ठाऊक होते आणि वाचकासही. आमच्या मद्यस्मरणकारांची गोष्ट उलट आहे. त्यांच्याजवळ खरी बाटली आहे, खऱ्या दुकानातून आणलेली, खऱ्या किमतीची. आणि तिच्याभोवती खय्यामाचा धूप जाळून ते ती रूपक म्हणून खपवू पाहतात. कवीने पाण्याचे मद्य केले होते, ह्यांनी मद्याचे तीर्थ केले.

ह्या लेखांत वारंवार येणारा शब्द 'स्वस्त' हा आहे. तो जरा उलटसुलट करून पाहावा. गरिबी मागे पडल्यावाचून तिची आठवण गोड होत नाही. आज ज्याच्या कपाटात नाशिकची उंची बाटली आहे तोच कालच्या स्वस्त बाटलीवर जीव टाकतो, कारण ती त्याने किती मजल मारली ह्याची मोजपट्टी आहे. ज्यास आजही स्वस्तच प्यावे लागते त्याचे स्मरणलेखन आमच्या वाचनात अद्याप आलेले नाही. हे आश्चर्य नांदेड-लातुरात राहणाऱ्या माणसास अधिकच जाणवते, कारण आमच्या भागाचे स्वतःचे, खरोखर स्वस्त, खरोखर गोड असे एक पेय आहे. त्याचे नाव शिंदी.

शिंदी हे झाडाचेही नाव आणि रसाचेही. खजुराच्या जातीचे हे रानटी झाड ओढ्याकाठी, खाचरांच्या बांधांवर, तेलंगणाकडील उतारावर आपोआप उगवते. थंडी पडली की शेंड्याखालचा भाग तासून तेथे मडके बांधतात. एका वर्षी एका बाजूस, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूस, असा तास देत गेल्याने जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते. त्यावरील खाचा मोजून झाड किती वर्षे उतरले हे जाणती माणसे सांगतात. रात्रभर ठिबकलेला रस पहाटे काढला तर तो शुद्ध गोड, थंड आणि निरुपद्रवी असतो, तीच नीरा. मडक्यास आतून चुना लावला तर ती काही वेळ तशीच राहते, आणि आटवली तर तिचा गूळ होतो. गांधीजींनी ह्या गुळाचा पुरस्कार केला होता तो उगाच नव्हे. परंतु चुना न लावता मडके ठेवले की हवेतील किण्व आपले काम सुरू करते. सूर्य डोक्यावर येईतो रस फेसाळतो, दुपारी आंबूस होतो, संध्याकाळी त्याची ताडी झालेली असते. जोर फार नव्हे, चार-पाच टक्के. गोड सकाळ आणि आंबट संध्याकाळ ह्यांमधील ते अंतर एका दिवसाचे आहे, आणि शिंदी उतरविणाऱ्या कलालास अथवा गौडास त्याबद्दल कोणताही भ्रम नसतो. गोड घोट कोठे संपतो आणि अंमल कोठे सुरू होतो हे त्यास जिभेने कळते. आमच्या निबंधकारांस एवढे कळते तर हा लेख लिहावा लागला नसता.

ह्या रसाचा आमच्या राजकीय इतिहासाशी जो संबंध आहे तो तरी सुशिक्षितांनी विसरू नये. निजामाच्या तिजोरीचा एक मोठा आधार आबकारी हा होता, आणि आबकारीत शिंदीचा वाटा ठळक होता. झाडागणिक कर, दुकानागणिक मक्ता, मक्तेदाराच्या हाताखाली पोटमक्तेदार, अशी ती उतरंड. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी करोडगिरीच्या नाक्यांबरोबरच शिंदीच्या बनांवर कुऱ्हाड चालविली. सरकारचे उत्पन्न बुडविण्याची ती साधी आणि नेमकी युक्ती होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. बनांपैकी जी वाचली ती पुन्हा उतरू लागली, आणि दुकानांचे लिलाव स्वराज्यातही सुरू राहिले. ज्या रसाविरुद्ध कुऱ्हाड उचलणे एके काळी देशकार्य होते, त्याच्याच उत्पन्नावर लोकनियुक्त सरकारने हक्क सांगावा, ह्यातील विनोद समजण्यास फार सूक्ष्म बुद्धी लागत नाही. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात सामील झाला, तेथे तर १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता. तो कायदा आजही महाराष्ट्रात पुस्तकावर आहे. त्याच्या नावात 'दारूबंदी' आहे आणि त्याच्याच आधारे दुकानांचे परवाने दिले जातात. पिणारानेही परवाना बाळगावा अशी त्याची अपेक्षा आहे. आमच्या मद्यस्मरणकारांपैकी कोणी विशीत तो परवाना काढला होता काय, हे विचारण्याचे असभ्य धैर्य आम्ही करीत नाही. वाईनसाठी कायद्याने ठरविलेली वयाची अट एकवीस वर्षांची आहे, एवढेच नमूद करतो.

आता सांगा, शिंदीचे स्मरण कोणी लिहिले आहे काय? धर्माबाद, बिलोली, देगलूर ह्या बाजूंना शिंदीखान्याच्या दारात दिवसाची मजुरी हाती घेऊन बसलेला माणूस, आणि घाटावर 'गोलकोंडा' घेऊन बसलेला विद्यार्थी, दोघेही तेच करीत होते. दोघांजवळ पैसे थोडे होते, दोघांस गोड लागत होते, दोघांस घटकाभर घर विसरावयाचे होते. परंतु एकाच्या पिण्यास आम्ही 'तारुण्य' म्हटले आणि दुसऱ्याच्या पिण्यास 'व्यसन'. एकाच्या बडबडीस चर्चा, दुसऱ्याच्या बडबडीस बरळणे. एक पायरीवर आडवा झाला तर मित्रांनी त्यास खांद्यावर टाकून खोलीत नेले व पुढे चाळीस वर्षे तो किस्सा सांगितला. दुसरा रस्त्यात आडवा झाला तर आमच्या घरातील आयाबहिणींनी पदर नाकास लावून पलीकडची वाट धरली. ह्या भेदास जे कारण आहे ते पेयात नाही, जातीत आणि पगारात आहे. किनवट-माहूरच्या रानात मोहाची फुले वेचून त्यांची दारू गाळणाऱ्या गोंड-कोलामांची गोष्ट तर आम्ही काढीतच नाही. त्यांच्या पेल्यास आमच्या लेखी स्मृती नावाची वस्तूच नसते, फक्त 'धाड' असते.

आणि शिंदीची पुढील कथा अधिक काळी आहे. झाडे घटली, गिऱ्हाईक वाढले. मग मडक्यात रस कमी आणि पाणी जास्त, पाण्यास गोडी यावी म्हणून सॅकरीन, आणि अंमल यावा म्हणून क्लोरल हायड्रेट. हे औषध जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्याने १८३२ साली तयार केले. १८६९ पासून ते झोप आणण्यासाठी वापरले गेले. वैद्यकाने पुढे ते जवळजवळ सोडून दिले, ताडीच्या दुकानदाराने मात्र उचलले. तेलंगणात व त्याच्या सीमेवरील आमच्या तालुक्यांत ह्या पांढऱ्या भुकटीचा उपद्रव पोलिसांच्या कागदोपत्री वर्षानुवर्षे आहे. तिच्या जोडीस आता अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची पूडही आली आहे. अशी शिंदी रोज पिणाऱ्यास ती एकाएकी मिळेनाशी झाली तर हात थरथरतात, भास होतात, फेफरे येते. तेलंगणात २०१५ साली भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई झाली तेव्हा असे रुग्ण सरकारी रुग्णालयांच्या दारी रांगेने आले. जुलै २०२५ मध्ये हैदराबादेच्या कुकटपल्ली भागात भेसळीच्या ताडीने माणसे मेली. तेथे मुंबईचा अभिमान धरण्यासारखेही काही नाही. २०१५ सालीच मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे एका फटक्यात गेली. मेलेल्यांत मजूर होते, हमाल होते. त्यांनीही त्या दिवशी स्वस्तच घेतली होती.

म्हणून 'स्वस्त' हा शब्द लडिवाळपणे लिहिणाराचा हात आम्ही धरू इच्छितो. स्वस्त दारू स्वस्त का असते, हा प्रश्न त्याने एकदाही विचारलेला नसतो. त्याच्या बाटलीत साखर होती हे त्याचे दैव. भुकटी असती तर लेख लिहिण्यास तो उरला नसता, अथवा उरला असता तर त्यास लेख सुचला नसता.

ह्या गोड स्मरणाचा राजकारणासही उपयोग होतो, हे वाचकांच्या ध्यानी आले नसल्यास आणून देतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-भुसाराच्या आधुनिक दुकानांतून वाईन विकण्यास मान्यता दिली. अण्णा हजारे ह्यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षाने गदारोळ केला. पुढे त्याच वर्षी सरकार बदलले आणि निर्णय बारगळला. निर्णय बरा की वाईट हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. परंतु त्या दिवसांत 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे जे वाक्य उघडपणे बोलले गेले, ते मात्र विसरण्यासारखे नाही. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेले पेय दारू नव्हे, आणि चार-पाच टक्क्यांची शिंदी दारू. हे गणित कोणत्या शाळेत शिकवितात? ते त्याच शाळेत शिकवितात जेथे द्राक्षकन्येच्या आठवणी गोड म्हणून वाचल्या जातात. वर्षानुवर्षे अशा लेखांनी वाईनच्या अंगावरून दारूचा वास पुसून काढला नसता तर ते वाक्य उच्चारणारास लोक हसले असते.

शेतकऱ्याचे नाव ह्या प्रकरणी फार घेतले गेले. त्याबद्दल थोडे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, मद्यनिर्मात्यांस करांत सवलती दिल्या. त्याचा लाभ मुख्यतः नाशिककडे झाला. आमच्या औशा-तुळजापूरकडील द्राक्षे बहुतेक खाण्याची. वेलीस उसाइतके पाणी लागत नाही, हेही खरे. तथापि पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर एप्रिल २०१६ आठवावा. लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आले, पहिल्या खेपेस पाच लाख लिटर, आणि स्टेशनात लोक देवाची मिरवणूक यावी तसे जमले. त्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) मद्य कारखान्यांचे पाणी निम्म्याहून अधिक तोडावे असा आदेश उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठास द्यावा लागला. घागर घेऊन रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत उभी राहिलेली लातूरची गृहिणी तो आदेश वाचून काय म्हणाली असेल! तिच्या घरी वर्तमानपत्र येत होते. ती आमची वाचकच होती.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मध्यमवर्गाच्या घरात मद्य शिरले ते घाटावरच्या बाटलीतून नव्हे, ते फार आधी, औषधाच्या फडताळातून आले. द्राक्षासव घ्या. मनुका, गूळ, धायटीची फुले, मुरण्यास घातलेला महिना. धायटीच्या फुलांनी आंबण्यास चालना मिळते, आणि जो मद्यार्क होतो तो 'स्वयंजनित' म्हणून बाटलीवर छापलेला असतो. आजीच्या अशक्तपणावर, बाळंतिणीच्या भुकेवर, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या थकव्यावर दोन चमचे समभाग पाण्यातून. चमच्याचे माप होते, वेळ ठरलेली होती, बाटली आजीच्या किल्लीखाली होती. ती गोड होती आणि स्वस्तही होती. तिची आठवण मात्र कोणी रंगवून लिहीत नाही, कारण तीत बंडखोरी नाही. शहाणपण होते म्हणून ती साहित्याच्या बाहेर राहिली.

मद्यस्मरणात आणखी कोण बाहेर राहते ते पाहा. बाटलीच्या लेबलाचा रंग लेखकास आठवतो, किंमत आण्या-पैशांपर्यंत आठवते. पण गाडीतून बाटली आणणारा, बहुधा खाणावळीत पेले विसळणारा, बारा-चौदा वर्षांचा पोऱ्या, त्याचे नाव एकाही लेखात सापडत नाही. त्यास किती पैसे दिले, उरलेली तळाची धार त्याने प्याली काय, आणि तो पुढे कोठे गेला? वसतिगृहाची फी म्हणून गावाहून जी मनिऑर्डर येई, तीत कोणाची पाटली होती? आणि चौघांपैकी जो पुढे थांबू शकला नाही, तो? प्रत्येक चौकडीत असा एक असतो. आमच्याही होता. त्याच्या शेवटच्या वर्षांत वाईनही परवडत नसे. मळीच्या स्पिरिटास संत्र्याचा वास लावलेली देशी पाव बाटली तो सकाळी घेई. त्याच्या बायकोने शिवणयंत्रावर दोन मुली वाढविल्या. घाटावरच्या त्या रात्रींची हकीकत तिच्यासमोर बसून, आहे त्याच रंगात, उच्चारून दाखविण्याची ज्याची छाती असेल त्याने खुशाल लिहावी.

कोणी म्हणेल, एका मित्राच्या नाशासाठी साऱ्यांच्या आनंदावर पाणी का ओतता? बाकीचे तिघे तर सुखरूप आहेत. होय, आहेत. तिघे सुखरूप आहेत म्हणूनच लेख तिघेच लिहितात. स्मरणलेखनाचा हा मूळ दोष आहे की, साक्ष देण्यास फक्त तरलेले उरतात. आणि तरलेल्यांनी नदीस उथळ म्हणावे हे क्रमप्राप्त आहे. घरातील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा जेव्हा वडिलांचा तो छापील लेख वाचतो, तेव्हा त्यास दिसतो तो पाऊस, मैत्री, कविता आणि लाल पेला. त्यास असे वाटते की, ह्या चारांत मोठे होण्याची दीक्षा आहे आणि पेला हे त्यातील सर्वांत सहज मिळणारे अंग आहे. कविता सोपी नाही, मैत्री पैशाने येत नाही, पाऊस तर मराठवाड्यात मुळीच भरवशाचा नाही. पेला मात्र कोपऱ्यावर मिळतो.

आमची मागणी लहान आहे. लिहिणारांनी लिहावे, परंतु पुरते लिहावे. ते पेय खोकल्याच्या औषधासारखे लागत होते हे लिहावे. दुसऱ्या दिवशीची ओकारी लिहावी. ज्याने बाटली आणली त्याचे नाव आठवत नसेल तर आठवत नाही असे लिहावे. जो चौथा गेला त्यास लेखात बसवावे, केवळ अर्पणपत्रिकेत नव्हे. आणि संपादकांनी असे लेख मागविताना एक पत्र सीमेवरच्या एखाद्या गावीही धाडावे. शिंदीखान्याच्या दारात नवऱ्याची मजुरी संपण्यापूर्वी पोचण्यासाठी शेतातून धावत येणाऱ्या बाईसही आठवणी असतात, आणि त्यांतही संध्याकाळ असते, वारा असतो, एकोणीस-वीसचे वय असते. तिला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे, दुसऱ्याने उतरून घ्यावे. येत्या दिवाळी अंकात त्यासाठी आम्ही आठ पाने राखून ठेवली आहेत. मानधन घाटावरच्या आठवणींस देतो तेवढेच देऊ.